मालवाहू जहाजाचे भाग आणि त्यांची कामं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्यांदा जहाजावर चढणारे कॅडेट, त्यांच्या घरची मंडळी आणि बंदरात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. सगळ्या जहाजांबद्दल एकदम बोलायला गेलं की काहीच नीट सांगता येत नाही. म्हणून उदाहरणाला एकच जात घेतली आहे, सुप्रामॅक्स बल्क कॅरियर, म्हणजे पोत्यांशिवाय सुटा माल नेणारं जहाज. लांबी सुमारे १९० मीटर, रुंदी ३२.२६ मीटर, पाच होल्ड (माल भरायच्या खोल्या), डेकवर चार क्रेन आणि पोटात ५६-५७ हजार टन कोळसा, खत, धान्य किंवा खनिज. रुंदीचा आकडा असा विचित्र का? पनामा कालव्याच्या जुन्या लॉकमधून ३२.३१ मीटरपर्यंतचंच जहाज जाऊ शकत असे, म्हणून. कंटेनर जहाज किंवा टँकर जिथे वेगळं वागतं, तिथे तसं सांगितलं आहे.

बो, स्टर्न, पोर्ट, स्टारबोर्ड हेच शब्द का? पुढे-मागे, डावं-उजवं का नाही?

बो म्हणजे जहाजाचं पुढचं टोक. कोकणातल्या जुन्या गलबतांच्या भाषेत नाळ. स्टर्न म्हणजे पाठीमागचा भाग. नाळेकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला पोर्ट, उजव्या हाताला स्टारबोर्ड. तुम्ही पाठमोरे उभे राहिलात तरी पोर्ट तिथेच राहतं, 'डावं' मात्र बदलतं. रात्रीच्या गडबडीत हा फरक जीवावर बेतू शकतो. पोर्टला लाल दिवा, स्टारबोर्डला हिरवा. प्रत्येक दिवा नाकासमोरून बाजूला ११२.५ अंशांपर्यंत दिसतो आणि मागचा पांढरा दिवा उरलेले १३५ अंश भरून काढतो. समोरच्या जहाजाचे लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले, तर ते थेट तुमच्यावर येतंय.

डेकवरच्या हुद्द्यांचे देशी शब्दही अजून पूर्ण गेलेले नाहीत. बोसनला, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला, सारंग आणि स्वयंपाक्याला भंडारी म्हणणारे जुने खलाशी भेटतात. सुकाणू धरणारा तो सुकाणी.

कील म्हणजे जहाजाच्या खाली लोंबणारं पातं का?

ते शिडाच्या होडीचं. मोठ्या पोलादी जहाजाचा तळ जवळपास सपाट असतो. कील म्हणजे त्या तळाच्या मधोमध, नाळेपासून स्टर्नपर्यंत गेलेली जाड प्लेटची पट्टी. तिच्यावर आतून उभा गर्डर जोडलेला असतो. जहाजाचा कणा तो हा.

तळाच्या दोन्ही कडांना, जिथे तळ वळून बाजूची भिंत होते, तिथे अरुंद पंखासारख्या पट्ट्या दिसतात. त्या बिल्ज कील. त्यांचं काम एकच, जहाजाचं डोलणं कमी करणं. इंजिन लागत नाही, देखभाल जवळपास शून्य. तळ घासला की सगळ्यात आधी त्याच वाकतात आणि ड्रायडॉकमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या कोरड्या गोदीत, गेल्यावर कळतं.

होल्डचा आडवा छेद घेतला तर काय दिसेल?

बाहेरून चौकोनी वाटणारं जहाज आतून अष्टकोनी असतं. सगळ्यात खाली दुहेरी तळ, म्हणजे बाहेरची प्लेट आणि होल्डची जमीन यांच्यामध्ये दीड-दोन मीटरची पोकळी. तिच्यात बॅलास्टचं, म्हणजे रिकामं जहाज जड ठेवायला घेतलेलं, पाणी. जमिनीला टँक टॉप म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंना उतरत्या भिंती असतात, त्या हॉपर टँकच्या. त्यांच्यामुळे धान्य किंवा कोळसा आपोआप मध्यभागी घसरतो आणि ग्रॅबला, म्हणजे क्रेनच्या जबड्याला, उचलता येतो. वरच्या दोन्ही कोपऱ्यांत तिरप्या टॉपसाइड टँक. त्या तिरप्या छतामुळे धान्याला वरच्या कोपऱ्यात सरकायला रिकामी जागाच मिळत नाही.

हॉपर आणि टॉपसाइड यांच्या मधल्या पट्ट्यात बहुतेक जहाजांवर बाजूची भिंत एकेरी असते. समुद्र आणि माल यांच्यामध्ये फक्त एक प्लेट आणि तिला आतून आधार देणाऱ्या फ्रेम. ग्रॅबचे दणके आणि ओल्या कोळशाचं गंजणं या फ्रेमच्या खालच्या टोकांना सगळ्यात आधी बाधतं. होल्ड रिकामा झाला की सर्व्हेअर टॉर्च घेऊन तिथेच पाहतो.

या टाक्यांत उतरायला साधारण ६०० बाय ४०० मिलिमीटरचं मॅनहोल असतं. झाकण काढलं म्हणजे आत जाता येतं, असा समज करून घेऊ नका. बंद टाकीतलं पोलाद गंजताना आतला ऑक्सिजन खातं. हवा खेळवून आणि मीटरने २०.९ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन मोजूनच उतरायचं. आत कोणी कोसळला तर त्याच्यामागे लगेच धावायचं नाही, श्वसनयंत्र लावलेल्या माणसानेच जायचं. एकामागोमाग दोघं-तिघं दगावतात ते या धावण्यामुळे. कोळसा किंवा खनिज भरलेल्या होल्डच्या शिडीलाही हाच नियम.

नाळेखाली पाण्यात असलेला तो फुगीर गोळा कशाला?

त्याला बल्बस बो म्हणतात. जहाज पाणी कापताना नाळेपाशी लाट उभी करतं आणि ती लाट उभी करण्यात इंधन जातं. गोळा पाण्याखालून आपली वेगळी लाट उठवतो. दोन लाटांचे चढ-उतार एकमेकांना खोडतात आणि विरोध घटतो. अमेरिकी नौदलाच्या डेलावेअर या युद्धनौकेवर तो १९१० च्या सुमारास आला.

मेख अशी की तो ठरलेल्या वेगाला आणि ठरलेल्या ड्राफ्टलाच, म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बुडालंय त्या मापालाच, नीट चालतो. रिकाम्या जहाजाचा गोळा अर्धा बाहेर आला की फायदा जातो. इंधन वाचवायला जहाजं हळू चालवायची पद्धत पडली, तेव्हा काही कंटेनर कंपन्यांनी जुने गोळे कापून नवीन आकाराचे बसवून घेतले. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात आडवं अडकलेलं सुमारे ४०० मीटरचं एव्हर गिव्हन आठवत असेल. त्याचा हाच गोळा काठात रुतला होता आणि खोदून मोकळा करावा लागला. जहाजावरचे पंचवीसही खलाशी भारतीय होते.

बल्कहेड म्हणजे साधी भिंतच ना?

भिंतच, पण पाणी अडवणारी. जहाज एका पोकळ डब्यासारखं असतं तर एका भोकात बुडालं असतं. म्हणून आडव्या भिंती घालून त्याचे कप्पे करतात. सगळ्यात पुढची ती कोलिजन बल्कहेड. नाळेपासून लांबीच्या ५ टक्के किंवा १० मीटर, यांतलं जे कमी, त्याच्या अलीकडे ती असता कामा नये, आणि फार मागेही नको. समोरून टक्कर झाली तर नाळ चेपेल, पण भिंत टिकेल, एवढं अंतर हवं. तिच्यात खालच्या भागात दार चालत नाही.

टायटॅनिकला सोळा कप्पे होते आणि पुढचे चार भरले तरी ते तरंगलं असतं. हिमनगाने सहा कप्पे उघडे केले. त्यात भिंती पुरेशा उंच नव्हत्या. नाळ खाली गेली तसं पाणी एका भिंतीवरून पुढच्या कप्प्यात सांडत गेलं.

हॅच कव्हर बंद असूनही होल्डमध्ये पाणी कसं शिरतं?

मालाच्या नुकसानीचे दावे पाहिले तर हा प्रश्न सगळ्यात महागडा आहे, म्हणून जरा सविस्तर.

होल्डच्या तोंडाभोवती डेकवर उभा पोलादी कठडा असतो, त्याला कोमिंग म्हणतात. नियमाने पुढच्या भागात त्याची उंची किमान ६०० मिलिमीटर. त्यावर पोलादी झाकणं बसतात. झाकणाच्या खालच्या कडेला खाचेत रबरी पॅकिंग असतं आणि समोर कोमिंगवर कॉम्प्रेशन बार. बार रबरात घुसतो आणि तिथे पाणी थांबतं. झाकणाचं वजन मात्र रबराने पेलायचं नसतं. ते पोलादावर पोलाद टेकून, लँडिंग पॅडवर येतं. नेमकं हेच विसरलं जातं.

पॅड झिजला की झाकण खाली बसतं, बार रबरात जास्त घुसतो आणि रबराला कायमची खोल चर पडते. मग लाटेत जहाज वाकलं-पिळलं आणि झाकण किंचित उचललं गेलं की रबर परत फुगत नाही, फट उरते. आता बोसन काय करतो? क्लीट, म्हणजे झाकण कोमिंगला अडकवणारी कडी, आणखी आवळतो. क्लीट झाकण दाबायला नसतेच. ते उडू नये आणि थोडं हलायला मोकळंही राहावं, म्हणून ती असते. आवळल्याने तिचा रबरी वॉशर चेंगरतो आणि झीज वाढते. जुन्या रबराखाली पट्टी सारून ते वर उचलणं ही दुसरी आवडती चूक. बरोबर काम म्हणजे आधी पॅडची उंची दुरुस्त करायची, मग त्या बाजूचं रबर सलग पूर्ण बदलायचं. मधलाच तुकडा बदलला तर नवं-जुनं रबर सारखं दबत नाही.

तपासायच्या तीन पद्धती आहेत. बारला खडू लावून झाकण बंद करणं सोपं, पण त्यातून रबर टेकतं एवढंच कळतं, किती दबतं ते नाही. होज टेस्टमध्ये साधारण १२ मिलिमीटरच्या नोझलने, किमान २ बार दाबाने, एक-दीड मीटरवरून सांध्यावर पाणी मारत सेकंदाला अर्धा मीटर या चालीने पुढे सरकायचं आणि आत एक माणूस बघत ठेवायचा. माल भरलेला असताना ही करता येत नाही. अल्ट्रासोनिक टेस्टमध्ये होल्डमध्ये ध्वनी सोडणारं यंत्र ठेवतात आणि बाहेरून सांध्यावर ऐकतात. झाकण उघडं असताना जेवढा आवाज मिळतो त्याच्या दहा टक्क्यांहून जास्त ऐकू आला, तर तिथलं रबर पुरेसं दबत नाहीये.

आणखी एक जागा सगळे विसरतात. कोमिंगवरच्या चरीतून पाणी बाहेर काढणारी ड्रेन. तिच्यात चेंडू असलेला एकमार्गी व्हॉल्व्ह असतो. धान्याचा भुसा किंवा खनिजाचा चिखल त्यात अडकला की चर भरते आणि पाणी आत सांडतं. माल भरून झाल्यावर, झाकण बंद करण्याआधी, चर झाडूने साफ करून ही ड्रेन उघडून पाहायला दहा मिनिटं लागतात.

खनिज भरलेला होल्ड एवढा रिकामा का दिसतो? आणि खनिज 'पातळ होतं' म्हणजे काय?

एक टन कोळशाला साधारण सव्वा घनमीटर जागा लागते, एक टन लोहखनिजाला अर्धा घनमीटरही नाही. त्यामुळे वजनाची मर्यादा गाठली तरी होल्डमध्ये खनिजाचा बुटका ढीगच दिसतो. मुरगावला मांडवी-झुआरीतून बार्जने आलेलं खनिज जहाजात पडताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे नवीन नाही.

धोका बारीक खनिजाचा. त्याच्या कणांमध्ये ओल असते. जहाजाचं डोलणं आणि इंजिनची थरथर यांनी कण दाटत जातात, मधल्या पाण्यावर दाब येतो आणि एका क्षणी सगळा ढीग दाट चिखलासारखा वाहू लागतो. जहाज एका बाजूला कललं की माल तिकडे वाहतो, परत येताना पूर्ण परतत नाही. काही डोलण्यांत जहाज आडवं. २००९ च्या पावसाळ्यात मंगळूरजवळ एशियन फॉरेस्ट आणि पारादीपजवळ ब्लॅक रोझ ही लोहखनिजाची दोन जहाजं बुडाली, ती याच कारणाने कुप्रसिद्ध झाली.

म्हणून मालवाल्याने ओलाव्याचं प्रमाण आणि त्या मालाची वाहतुकीला चालणारी ओलाव्याची मर्यादा, ही दोन्ही प्रमाणपत्रं आधी द्यायची असतात. नमुना घेतल्यावर खनिज उघड्यावर पावसात भिजलं असेल, तर कागदावरच्या आकड्याला अर्थ नाही. शंका आली की डेकवरच कॅन टेस्ट करतात. अर्ध्या ते एक लिटरचा पत्र्याचा डबा अर्धा खनिजाने भरायचा, सुमारे २० सेंटिमीटरवरून कठीण जमिनीवर २५ वेळा आपटायचा, दर आपटीत एक-दोन सेकंदांचं अंतर ठेवून. वर पाणी सुटलं किंवा माल चिखलासारखा झाला, तर भरणं थांबवा आणि प्रयोगशाळेचा अहवाल मागा. डबा कोरडा राहिला म्हणजे माल सुरक्षित, असं मात्र नाही. ही चाचणी 'नको' सांगते, 'चालेल' सांगत नाही.

माल उतरवल्यावर जहाज समुद्राचं पाणी का भरून घेतं?

रिकामं जहाज पाण्यावर फार उंच येतं. प्रोपेलर अर्धा उघडा पडतो, वाऱ्याने जहाज ढकललं जातं, नाळ लाटांवर आपटते. म्हणून बॅलास्ट घेतात. माल जसा उतरतो तसं पाणी चढतं आणि दोन्हींचा क्रम चीफ ऑफिसर आधी आखतो. मधल्या होल्डमधून माल काढला, टोकांना तसाच ठेवला, तर पोलादावरचा ताण मर्यादेबाहेर जातो.

अर्धवट भरलेली टाकी सगळ्यात वाईट. पाणी एका बाजूहून दुसऱ्या बाजूला धावतं आणि जहाजाची स्थिरता खातं. एकतर पूर्ण भरा किंवा पूर्ण उपसा. सप्टेंबर २०१९ मध्ये गोल्डन रे हे मोटारवाहू जहाज अमेरिकेत जॉर्जियाच्या किनाऱ्यावर, बंदरातून निघताना वळणावरच आडवं झालं. बॅलास्टचे आकडे स्थिरतेच्या हिशेबात चुकीचे भरले गेले होते आणि जहाजाला स्वतःला सरळ करण्याइतकी ताकदच उरली नव्हती.

एका बंदरातलं पाणी दुसरीकडे ओतलं की त्यातले जीवही तिकडे पोचतात. म्हणून २०१७ पासून आंतरराष्ट्रीय करार लागू आहे आणि जहाजावर पाणी गाळून, अतिनील किरणांनी किंवा रसायनाने निर्जंतुक करणारं यंत्र बसवावं लागतं.

बाजूला गोल आणि त्यातून जाणारी आडवी रेघ असते, ती कसली?

प्लिमसोल मार्क. ब्रिटिश खासदार सॅम्युअल प्लिमसोल यांच्या आग्रहाने १८७६ च्या कायद्यात ती सक्तीची झाली. जास्त माल भरून जहाजं बुडवणाऱ्या मालकांना वेसण घालायला. गोलाचा व्यास ३०० मिलिमीटर, रेघ ४५० मिलिमीटर लांब. रेघेच्या दोन बाजूंची अक्षरं जहाजाची तपासणी करणाऱ्या वर्गीकरण संस्थेची असतात. आय आणि आर दिसलं तर १९७५ मध्ये स्थापन झालेली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, मुख्यालय पवई, मुंबई.

शेजारच्या शिडीसारख्या रेघा ऋतू आणि पाण्यानुसार. उन्हाळी रेघ मूळ धरायची. उष्णकटिबंधाची रेघ तिच्या वर, उन्हाळी ड्राफ्टच्या ४८ व्या भागाइतकी. हिवाळ्याची तेवढीच खाली. आपल्या जहाजाचा ड्राफ्ट १२.८ मीटर धरला तर हा फरक जवळजवळ २७ सेंटिमीटर. एक सेंटिमीटर बुडायला सुमारे ५८ टन लागतात, म्हणजे दीड हजार टनांहून जास्त मालाचा प्रश्न.

गोड्या पाण्याचा हिशेब वेगळा. गोडं पाणी हलकं, त्यात जहाज जास्त बुडतं. किती, ते काढायला जहाजाचं एकूण वजन टनांत घ्या आणि एका सेंटिमीटरला लागणाऱ्या टनांच्या चौपटीने भागा, उत्तर मिलिमीटरमध्ये येतं. ६७,००० भागिले २३२, म्हणजे सुमारे २८९ मिलिमीटर. नदीतल्या बंदरात तेवढी रेघ बुडवून भरता येतं, समुद्रात आल्यावर जहाज आपोआप वर येतं. खाडीचं पाणी ना धड गोडं ना धड खारं. तिथे बादली टाकून हायड्रोमीटरने घनता मोजायची आणि त्या प्रमाणात सूट घ्यायची. नमुना गटाराच्या तोंडाजवळून घेतला की हिशेब फसतो.

नाळेवर आणि स्टर्नवर जे आकडे असतात, ते ड्राफ्टचे. आकड्याची उंची १० सेंटिमीटर. पाणी आकड्याच्या पायाशी असेल तर तोच ड्राफ्ट, डोक्याशी असेल तर त्यात १० सेंटिमीटर मिळवा.

नांगर एवढं मोठं जहाज कसा धरतो?

एकटा नांगर धरत नाही. तळावर आडवी पडलेली साखळी धरते. सुप्रामॅक्सचा नांगर सात-आठ टनांचा, प्रत्येक बाजूला साखळी अकरा-बारा शॅकल. एक शॅकल म्हणजे २७.५ मीटर. साखळीचं वजन तिला तळावर पसरून ठेवतं, त्यामुळे नांगरावरची ओढ आडवी राहते आणि त्याचे फाळ मातीत रुततात. साखळी कमी सोडली तर ओढ वरच्या दिशेने लागते आणि नांगर उपटला जातो.

किती सोडायची? डेकवरचा ठोकताळा असा, खोलीच्या वर्गमुळाची दीडपट, उत्तर शॅकलमध्ये. १६ मीटर पाण्यात ६ शॅकल, ३६ मीटरमध्ये ९. वारा वाढला की आणखी.

साखळीचा प्रवास असा. नाळेतल्या साखळीच्या खोलीतून ती स्पर्लिंग पाइपने वर येते, विंडलासच्या (नांगर उचलणाऱ्या यंत्राच्या) खाचांच्या चाकावरून, चेन स्टॉपरमधून आणि हॉज पाइपमधून बाहेर. जहाज नांगरावर असताना ताण स्टॉपरने पेलायचा, विंडलासच्या ब्रेकने नाही. विंडलासची ताकदही मर्यादित. साधारण ८२.५ मीटर लोंबणारी साखळी आणि नांगर मिनिटाला ९ मीटर वेगाने उचलेल, एवढीच तिची रचना. त्याहून खोल पाण्यात नांगर टाकला तर परत येईलच असं नाही.

बिघाड बहुतेक नांगर सोडताना होतो. खोल पाण्यात ब्रेक मोकळा सोडून नांगर टाकला की साखळीचा वेग वाढत जातो, ब्रेकचं लायनिंग धूर सोडतं आणि शेवटचं टोक भिंतीतून उपटून सगळं समुद्रात. म्हणून खोली जास्त असेल तर विंडलास गिअरमध्ये ठेवून यंत्रानेच हळूहळू सोडायचा आणि जहाज जवळपास थांबलेलं हवं.

नांगर घसरतोय हे कसं ओळखायचं? साखळीवर हात किंवा पाय ठेवला की दगडावरून ओढल्यासारखा थरकाप जाणवतो. नाळ वाऱ्याकडे तोंड करून राहत नाही, जहाज आडवं होऊ लागतं. तेव्हा आणखी साखळी सोडण्यात वेळ घालवू नका, आधी इंजिन तयार करा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ बार्जचे नांगर सुटले. तिला स्वतःचं इंजिनच नव्हतं.

आणि समुद्रात निघाल्यावर स्पर्लिंग पाइपचं तोंड बंद करा. वरून आलेलं पाणी साखळीच्या खोलीत भरलं की नाळ खाली जाते आणि पुढचं हॅच लाटांच्या तोंडी येतं. १९८० मध्ये जपानजवळ डर्बीशर ४४ माणसांसह बुडालं. नाळेतल्या जागांत पाणी शिरण्यापासूनच ती घटनांची मालिका सुरू झाली, असं नंतरच्या चौकशीत निघालं.

जहाजाला गिअर आणि ब्रेक असतात का?

दोन्ही नाहीत. मुख्य इंजिन टू-स्ट्रोक डिझेल, मिनिटाला शंभराच्या आसपास फेरे, शाफ्टने थेट प्रोपेलरला जोडलेलं. मागे जायचं तर इंजिन थांबवून उलट्या दिशेने सुरू करायचं. ते सुरू होतं ३० बारच्या दाबलेल्या हवेवर. बाटल्या परत न भरता १२ वेळा सुरू करता येईल इतकी हवा साठवलेली असते. बंदरात शिरताना पुढे-थांब-मागे असे हुकूम भराभर आले की इंजिन रूममधल्यांची नजर त्या हवेच्या काट्यावर असते.

पूर्ण वेगातून उलटं इंजिन लावून थांबायला नियमाने लांबीच्या १५ पटीपर्यंत अंतर चालतं. १९० मीटरच्या जहाजाला २,८५० मीटर. मच्छीमार बोटींनी समोरून आडवं जाताना हा आकडा ध्यानात ठेवावा. बहुतेक जहाजांचा प्रोपेलर उजव्या फिरतीचा असतो, त्यामुळे उलटा फिरताना नाळ स्टारबोर्डला झुकते. बंदरात जहाज आणणारे पायलट लोक धक्क्याला लागताना याचा उपयोग करून घेतात.

रडर, म्हणजे सुकाणू, फिरवलं तर जहाज वळतंच ना?

वेग आणि वीज असेल तर. रडर प्रोपेलरच्या मागे असतं, कारण प्रोपेलरने फेकलेलं पाणी त्याच्यावर आदळलं की जोर मिळतो. इंजिन थांबवलं की तो जोर गेला. नवख्यांना वाटतं नाळ वळते. खरं तर रडर स्टर्नला बाहेर ढकलतं आणि जहाज नाळेपासून साधारण एक तृतीयांश लांबीवरच्या बिंदूभोवती फिरतं. धक्क्याजवळ स्टर्न आपटते ती म्हणूनच.

रडर दोन्ही बाजूंना ३५ अंश जातं. एका बाजूच्या ३५ वरून दुसरीकडच्या ३० अंशांवर २८ सेकंदांत गेलं पाहिजे. ते फिरवणारं हायड्रॉलिक यंत्र, स्टीअरिंग गिअर, अगदी स्टर्नला वेगळ्या खोलीत असतं. त्याला दोन पंप. खुल्या समुद्रात एक पुरतो, अरुंद जागेत दोन्ही चालू ठेवायचे. निघण्याआधी १२ तासांच्या आत चाचणी आणि दर तीन महिन्यांनी आणीबाणीचा सराव. सरावात ब्रिजवरून (जहाज चालवायच्या खोलीतून) फोनने दिशा सांगतात आणि खालचा माणूस व्हॉल्व्ह हाताने दाबून रडर फिरवतो. फोन ऐकू येतो का, तिथला कंपास ब्रिजशी जुळतो का, तेलाच्या टाकीची पातळी ठीक आहे का, हे तेव्हाच पाहून घ्यायचं.

वीज गेली तर आणीबाणीचा जनरेटर ४५ सेकंदांत सुरू व्हायला हवा. पण त्याने मुख्य इंजिन चालत नाही. मार्च २०२४ मध्ये बाल्टिमोरला डाली हे जहाज पुलाच्या खांबावर आदळलं आणि पुलावरचे सहा कामगार गेले. चौकशीत निघालं ते असं: एका वायरच्या टोकावरची लेबलची पट्टी चुकीच्या जागी बसवल्याने वायर टर्मिनलमध्ये पूर्ण आत गेली नव्हती. ती सैल झाली आणि तीनशे मीटरचं जहाज अंधारात गेलं.

फनेलमधून फक्त धूरच जातो का?

मुख्य इंजिन, जनरेटर, बॉयलर यांचे वेगवेगळे पाइप त्याच्या आत असतात. जाणाऱ्या धुराच्या उष्णतेवर वाफ करणारा इकॉनॉमायझरही त्याच वाटेवर. तिथली काजळी वेळेवर साफ केली नाही तर पेट घेते. जानेवारी २०२० पासून इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५० वरून ०.५० टक्क्यावर आली, तेव्हापासून धूर धुणारं स्क्रबर बसवलेल्या जहाजांचे फनेल लठ्ठ दिसू लागले. रंग आणि चिन्ह कंपनीचं.

सी चेस्ट हा शब्द ऐकला, पण तो कुठे दिसत नाही.

पाण्याखाली असतो. इंजिन थंड करायला, बॅलास्ट आणि आगीच्या पंपाला समुद्राचं पाणी जिथून आत येतं तो जाळीचा कप्पा. एक तळाला, एक जरा वर बाजूला. मुंबईसारख्या गाळाच्या, उथळ बंदरात वरचा वापरायचा, नाहीतर कूलरमध्ये चिखल जाऊन इंजिनचं तापमान चढतं. खुल्या समुद्रात खालचा, कारण जहाज डोलताना वरच्यातून हवा शिरते. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशव्या आणि हंगामात जेलीफिश दोन्ही जाळ्या तुंबवतात. दाब पडू लागला की दुसऱ्या सक्शनवर जायचं आणि गाळणी उघडून साफ करायची. आधी व्हॉल्व्ह खरोखर बंद झालाय याची खात्री करून, नाहीतर समुद्र इंजिन रूममध्ये.

लाइफबोट मागेच एकटी का लटकलेली असते?

जुलै २००६ नंतर बांधलेल्या बल्क कॅरियरना स्टर्नवरून सरकून थेट पाण्यात पडणारी बोट सक्तीची आहे, कारण ही जहाजं फार झटकन बुडतात. आत सगळे बोटीच्या मागच्या टोकाकडे तोंड करून, पट्टे बांधून बसतात. पट्टा सैल असेल तर पाठीला इजा ठरलेली.

बाजूंना पांढऱ्या पिंपांत लाइफराफ्ट असतात. जहाज बुडालं तर दीड ते चार मीटर खोलीवर पाण्याच्या दाबाने हायड्रोस्टॅटिक यंत्र पट्टा कापतं, राफ्ट वर येतो, जहाजाला बांधलेली दोरी ताणली जाऊन फुगतो आणि मग वीक लिंक, म्हणजे मुद्दाम कमजोर ठेवलेला दुवा, तुटून मोकळा होतो. दोरी वीक लिंकऐवजी थेट डेकच्या कडीला बांधलेली आढळते, आणि तशी असेल तर जहाज राफ्टलाही सोबत खाली नेतं. आपल्या जहाजावर ती कुठे बांधली आहे हे पहिल्याच दिवशी जाऊन पाहा. यंत्र वापरून-टाकून द्यायच्या प्रकारचं असेल तर त्यावरची तारीखही वाचा. बसवल्यापासून दोन वर्षांनी ते बदलायचं असतं.